‘द क्लॉक’ आणि माझी राहून गेलेली दहा वाजून चार मिनिटं

२०१८च्या ऑगस्टअखेर माझी नोकरी गेली. आमचा अख्खा विभागच बंद झाला, त्यामुळे कुणा एकावर चिडायचीही सोय नव्हती. बारा वर्षं सकाळी ७.२२ची ट्यूब, म्हणजे लंडनची भुयारी रेल्वे, पकडायची सवय. सप्टेंबरात ७.२२ला मी वेम्बली पार्कच्या घरात ओट्याला टेकून चहाचा कप धरून उभी असायचे आणि पुढच्या दहा तासांचं काय करायचं ते कळत नसायचं. ओट्याच्या वर दोन घड्याळं आहेत. एक इथलं, एक सांगलीचं. दुसरं आईला फोन कधी करायचा यासाठी लावलेलं. तेव्हा दोन्ही सारखीच बिनकामाची वाटायची.

अशात एका मैत्रिणीने सांगितलं की टेट मॉडर्न या कलादालनात ‘द क्लॉक’ नावाचा चोवीस तासांचा एक सिनेमा लागलाय, फुकट आहे, जाऊन ये. ती स्वतः वीस मिनिटं बसून परत आली होती. मी साडेतीन महिन्यांत सहा खेपा घातल्या, त्यातली एक अख्खी रात्र. शेवटची खेप १२ जानेवारीला झाली. २० जानेवारी २०१९ला प्रदर्शन संपलं. पुढे कधी कुठे तो सिनेमा पुन्हा लागला आणि कुणाला माझ्यासारखं बिचकायला होत असेल, तर त्यांच्यासाठी हे लिहितेय.

बिचकायला होतं हे आधी कबूल करते. इतक्या वर्षांत मी टेट मॉडर्नमध्ये दोनदाच गेले होते, तेही भारतातून आलेल्या पाहुण्यांना घेऊन. समकालीन कला म्हटलं की मला भिंतीवरची ती छोटी पाटी वाचून चित्रापेक्षा पाटीचाच अर्थ लावत बसायची भीती वाटते. पण हे काम सांगायला सोपं आहे. ख्रिश्चन मार्क्ले या कलाकाराने हजारो सिनेमांतले तुकडे जमवले, ज्यांत कुठे ना कुठे वेळ दिसते किंवा कुणी ती बोलून दाखवतं. भिंतीवरचं घड्याळ, मनगटावरचं, गजराचं, स्टेशनावरचं. हे तुकडे त्याने चोवीस तासांच्या क्रमाने जोडले. आणि खरी मेख अशी की तो सिनेमा बाहेरच्या खऱ्या वेळेशी जुळवून चालतो. तुमच्या घड्याळात ३.१७ झाले असतील तर पडद्यावरही ३.१७च.

पहिली खेप मंगळवारी, २५ सप्टेंबरला. वेम्बली पार्कहून ज्युबिली लाइनने थेट सदर्क, तिथून दहा मिनिटं चालत. दारात बॅग तपासतात, तिथे पाच मिनिटं गेली. इमारत म्हणजे पूर्वीचं वीजकेंद्र, त्याला मागे जोडलेला नवा मनोरा म्हणजे ब्लावात्निक इमारत. ‘द क्लॉक’ तिथे होतं. मुख्य दाराने शिरलात तर तो प्रचंड टर्बाइन हॉल ओलांडून जावं लागतं. मी दोनदा चुकले.

दालनाबाहेर रांग होती, पण जेमतेम वीस माणसांची. नियम असा की आतून जितके बाहेर येतील तितकेच आत सोडायचे. नाव नोंदवायचं नाही, तिकीट नाही, वेळ मिळत नाही. दारावरच्या मुलीला मी विचारलं, पुढचा खेळ किती वाजता सुरू होतो? ती हसली. म्हणाली, आत्ता किती वाजलेत? मी म्हटलं, अकरा वाजून आठ. तर म्हणाली, मग अकरा आठपासून.

आत गच्च काळोख, समोर मोठा पडदा आणि पांढऱ्या सोफ्यांच्या रांगा. हो, सोफे, थिएटरातल्या खुर्च्या नाहीत. सोफे कसे हवेत, कसे मांडायचे हेही मार्क्लेनेच ठरवून दिलंय. एका सोफ्यावर तीन जण, मधून ये-जा करायला वाट. मागे भिंतीशी उभं राहणारेही असतात, आणि कुणी उठलं की त्यातला एक जण लगबगीने ती जागा पटकावतो. रिझर्व्हेशनशिवाय डब्यात चढलेल्या कुणालाही हे तंत्र शिकवावं लागणार नाही.

पहिल्या अर्ध्या तासात मला काहीच कळेना. गोष्ट कुठली नाही. एक माणूस घाईत दार उघडतो, तो कृष्णधवल; दाराच्या पलीकडे पाऊल पडतं ते रंगीत, दुसऱ्याच माणसाचं, तीस-चाळीस वर्षांनंतरचं. एका सिनेमात फोन वाजतो, भलत्याच सिनेमातली बाई तो उचलते. आणि दोघांच्या मागच्या घड्याळांत एकच वेळ! मग लक्षात आलं की हे सगळं आवाजाने चिकटवलंय. एका प्रसंगाचं संगीत पुढच्या प्रसंगात ओघळत राहतं, त्यामुळे सांधा डोळ्यांना दिसला तरी कानांना जाणवत नाही. मार्क्ले मूळचा ग्रामोफोनच्या तबकड्या घेऊन खेळणारा माणूस, हे मला घरी आल्यावर वाचून समजलं. तो वाढला स्वित्झर्लंडमध्ये, जिनिव्हात. घड्याळांच्या गावचा, असं म्हणायचा मोह मी आवरत नाही.

थोडा वेळ गेला आणि सवयीने माझा हात पर्समधल्या फोनकडे गेला. किती वाजले बघावं, किती वेळ बसलोय. फोन अर्धा बाहेर काढला आणि समोर बघितलं, तर पडद्यावर भलं मोठं घड्याळ: ११.४७. मला एकटीलाच हसू आलं. शेजारच्या बाईने माझा अर्धवट निघालेला फोन पाहिला आणि तीही हसली. तिचंही बहुधा तसंच झालं असावं.

बारा वाजायला आले तशी पडद्यावर घाई सुरू झाली. घंटा, मनोरे, जुन्या वेस्टर्नमधली ओसाड रस्त्यावर कुणाची तरी वाट बघणारी माणसं. बाराच्या ठोक्याला माझ्या छातीत खरंच धडधडत होतं, आणि बारा वाजून एका मिनिटाने सगळं सैल पडलं, कुणीतरी सँडविचचा कागद उलगडायला लागलं. मी दीडपर्यंत बसले. बाहेर आले तेव्हा मला महिन्याभरात पहिल्यांदाच ‘आत्ता किती वाजलेत’ हे माहीत होतं आणि त्याचा त्रास होत नव्हता.

त्या रात्री वहीच्या मागच्या पानावर एक आडवी रेघ ओढली, चोवीस घरं पाडली आणि ११.१० ते १.३० रंगवलं. हा वेडेपणा तिथे सुरू झाला.

दुसरी खेप शुक्रवारी, ५ ऑक्टोबरला. टेट मॉडर्न तेव्हा एरवी सहाला बंद व्हायचं, पण शुक्रवार-शनिवारी रात्री दहापर्यंत उघडं असायचं, त्यामुळे संध्याकाळचे तास याच दोन दिवशी मिळायचे. पाचला आत शिरायचं म्हणून साडेतीनलाच रांगेत उभी राहिले, आणि जेमतेम जमलं. पाच तास सलग बसणं सोपं नाही. सोफा बुटका आहे, गुडघे बोलायला लागतात. पाचला पडद्यावरची माणसं ऑफिसातून सुटतात, सातला कुणी टाय बांधतंय, कुणी जेवायला बसलंय, आठनंतर नाटकाचे पडदे वर जातात. ऑफिसातून सुटणाऱ्या माणसांकडे मी जरा जास्तच निरखून बघितलं. दहाला पाच कमी असताना कर्मचारी येऊन हळू आवाजात ‘बंद करतोय’ म्हणायला लागले. आणि नेमकी तिथेच गोम आहे. घड्याळाच्या मनोऱ्यावर वीज कोसळते, गाडी भूतकाळातून सुटते, तो ‘बॅक टू द फ्युचर’मधला प्रसंग दहा वाजून चार मिनिटांचा. म्हणजे शुक्रवार-शनिवारीसुद्धा गॅलरी बंद झाल्यावर चार मिनिटांनी. माझ्या नवऱ्याचा हा लहानपणापासूनचा लाडका सिनेमा. मी घरी येऊन हे सांगितल्यावर त्याला माझ्या सगळ्या उद्योगात पहिल्यांदा रस वाटला.

तिसरी खेप १८ ऑक्टोबरला, दीड ते चार. सकाळी जॉबसेंटरची, म्हणजे बेकारांसाठीच्या सरकारी कार्यालयातली, पंधरवड्याची हजेरी होती, तिथून परस्पर गेले. दुपारचे तास मला सगळ्यांत कमी आवडले. दुपारी सिनेमातही कुणाला काही सुचत नाही बहुतेक.

२८ ऑक्टोबरला इथली घड्याळं एक तास मागे गेली आणि सांगली साडेचारऐवजी साडेपाच तास पुढे गेली. दर वर्षी जातेच, पण या वेळी ते भिंतीवरचं इथलं घड्याळ स्टुलावर चढून बदलताना मी उगाच ‘द क्लॉक’ चालवणाऱ्या संगणकाचा विचार करत होते. त्यालाही कुणी स्टुलावर चढून सांगत असेल का?

चौथी खेप दिवाळीनंतर, १३ नोव्हेंबरला. चार ते सहा. बॅगेत चकल्यांचा स्टीलचा डबा होता. दारावरच्या माणसाने तो उघडायला लावला, एक चकली उचलून उजेडात धरली आणि गंभीरपणे विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, खायचं. म्हणाला, आत नाही खायचं. मग नदीकाठच्या बाकावर सेंट पॉलच्या घुमटाकडे तोंड करून त्या संपवल्या आणि मग आत गेले. सूचना म्हणून लिहून ठेवते: दालनात खाणं चालत नव्हतं, बाहेर पडलं तर जागा जायची आणि पुन्हा रांगेत उभं राहावं लागायचं. पोट भरून जा. चहा कमी प्या.

आता ती रात्र. प्रदर्शनाच्या काळात ठरावीक शनिवारी दालन रात्रभर उघडं ठेवायचे, कारण एरवी रात्री दहा ते सकाळी दहा हा अर्धा सिनेमा कुणाला दिसलाच नसता. मी डिसेंबरचा पहिला शनिवार धरला. घरात आधी बरीच चर्चा झाली. नवऱ्याचं म्हणणं, एकटी रात्रभर कशाला? पण ज्युबिली लाइन शुक्रवार-शनिवारी रात्रभर चालते आणि दालनात माणसं असणारच, त्यामुळे तो मुद्दा फार टिकला नाही. तो स्वतः यायला मात्र तयार नव्हता. दहा-चारचा एवढा चाहता, पण झोप त्याहून प्रिय.

जाड मोजे, शाल, दोन केळी, पाण्याची बाटली असं सामान घेऊन मी पावणेनऊला पोचले, म्हणजे दहाच्या आत सव्वा तास हाताशी. रांग बघितली आणि पोटात गोळा आला. ती वळून जिन्यापर्यंत गेली होती. साडेनऊला आम्ही दहा पावलं पुढे सरकलो. पावणेदहाला आणखी चार. माझ्या मागे दोन पोरं होती, तीही दहा-चारसाठीच आली होती. दहा वाजले. दहा-दोन. आतून कुणीही बाहेर येईना, येईल कशाला? दहा वाजून चार मिनिटांनी बंद दारामागून दबलेला गडगडाट ऐकू आला आणि मागचा पोरगा म्हणाला, गेली वीज.

मला दहा पंचवीसला आत सोडलं. उशीर झाला तो माझ्याच चुकीने. तुम्हाला कधी कुठे दहा-चार बघायचं असेल तर सातच्या आत आत बसा.

मध्यरात्र मात्र मिळाली. पावणेबारापासून दालनात सगळे ताठ बसले होते. एकावर एक घड्याळं, धावणारी माणसं, आणि बिग बेन, पुन्हा बिग बेन. गंमत म्हणजे तिथून नदीच्या काठाकाठाने अर्ध्या तासावर असलेलं खरं बिग बेन ऑगस्ट २०१७पासून दुरुस्तीसाठी परांचीत गुंडाळलेलं होतं आणि काही खास प्रसंग सोडले तर मुकं होतं. या गावात ते तेव्हा रोज वाजायचं ते फक्त त्या काळोख्या खोलीत. बाराच्या ठोक्याला पडद्यावर त्याच्या ठिकऱ्या उडाल्या आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. सांगलीत तेव्हा साडेपाच झाले होते, म्हणजे आई उठली असणार.

एकनंतर गर्दी ओसरली. पडद्यावर झोप न लागणारी माणसं, अवेळी वाजणारे फोन, जिन्यात कुणाचीतरी पावलं. पावणेदोनला मला उठावंच लागलं. परत रांगेत उभी राहिले, पण आता पुढे आठ-दहाच जण होते, त्यामुळे वीस मिनिटांत सगळं मिळून उरकलं. तेवढ्यात आईला फोन लावला. तिथे सव्वासात, तिचा दुसरा चहा चालू.

“अगं, अजून जागी तू? बरं आहे ना सगळं?”

“सिनेमा बघतेय आई. घड्याळांचा.”

तिला पाच मिनिटं समजावून सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, “तुमचं सगळं उलटंच बाई. आम्ही किती वाजले ते विसरायला सिनेमाला जायचो.”

यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आताही नीटसं नाही. एवढंच सांगता येईल की आईला विसरण्याइतकी कामं होती. मला त्या दिवसांत नव्हती.

परत आत गेले तर माझा सोफा गेलेला. दुसऱ्या रांगेत एका लोकरी टोपीवाल्या आजोबांशेजारी जागा मिळाली. तीन वाजता समोरच्या रांगेतले निम्मे लोक घोरत होते. मी त्यांच्याकडे जरा तुच्छतेने बघितलं, हे कबूल करायला हवं. कारण डोळे मिटले तेव्हा पडद्यावर चार वाजून सहा मिनिटं झाली होती आणि उघडले तेव्हा पाच एकवीस. माझी झोप इतकी अचूक आजवर कुणी मोजली नसेल. आणि डोकं आजोबांच्या खांद्यावर! मी दचकून माफी मागितली. ते म्हणाले, काही हरकत नाही, पण चांगली चांगली स्वप्नं हुकली तुमची. चार ते पाचच्या दरम्यान सिनेमातही स्वप्नंच असतात म्हणे.

सहापासून गजर. एकामागून एक गजर, आणि त्यांच्यावर बसणारे हात. कुणी घड्याळ दाबतं, कुणी उचलून फेकतं, कुणी उशीखाली कोंबतं. सात, साडेसात: दाढी, टोस्ट, बसमागे धावणं. दालनात आम्ही तीसेक जण उरलो होतो, शाली-जाकिटं पांघरलेले, धर्मशाळेत मुक्कामाला असल्यासारखे. एका मुलीने पायातले बूट काढून नीट जोडीने सोफ्याखाली ठेवले होते, घरी दाराशी ठेवतो तसे. साडेआठला तिने ते परत घातले आणि कुणालाही न बघता निघून गेली.

नऊ वाजता पडद्यावर सगळं जग कामाला लागलं. लिफ्ट, टाइपरायटर, उशिरा पोचलेल्या कारकुनाकडे बघणारा साहेब. रविवारची सकाळ, रात्रभराचं जागरण, केळीही संपलेली. मला एकदम गलबलून आलं. रडण्यासारखं पडद्यावर काही नव्हतं. एक माणूस खुर्चीच्या पाठीवर कोट अडकवत होता, इतकंच. दहाला मी बाहेर पडले, ऊन डोळ्यांत गेलं, घरी येऊन दुपारी चारपर्यंत झोपले.

डिसेंबरच्या मध्यावर नवीन नोकरीचं पत्र आलं. ७ जानेवारीला रुजू झाले. आता ७.२२ नाही, ७.३८.

वहीतल्या रेघेवर दहा ते अकरा-दहा एवढंच सहज मिळण्यासारखं राहिलं होतं. त्यासाठी १२ जानेवारीला, शनिवारी, सहाव्यांदा गेले. सव्वानऊपासून दाराबाहेर उभी होते, थंडीने बोटं बधिर झाली होती, पण दहाला दार उघडल्यावर पहिल्या लोंढ्यात आत शिरले. शेवटच्या आठवड्यांत गर्दी वाढली होती. शनिवार-रविवारी अकरानंतर रांग फार लांबायची, त्यापेक्षा मधल्या वारी सकाळी जाणं बरं. अकरा वाजून नऊ मिनिटांनी एक चेहरा आला आणि मी ओळखला. सप्टेंबरात आत शिरले तेव्हा काळोखात सर्वांत आधी दिसलेला चेहरा हाच. तेव्हा हा कोण, कशासाठी, हे काही कळलं नव्हतं. आताही कळलं नाही. मी उठले, आणि उठून पुरती उभीही राहिले नव्हते तेवढ्यात मागचा माणूस जागेवर बसला.

हिशोब विचाराल तर प्रवेश फुकट, ट्यूबचे प्रत्येक खेपेला जाऊन-येऊन सहा पौंडांच्या आसपास, चहा-कॉफी, एकदा उपाशी राहवेना म्हणून घेतलेलं महागडं सूप. सगळं मिळून साठ पौंडांच्या आत. बघून झाले साधारण बावीस तास. सव्वा तास आजोबांच्या खांद्यावर गेला, वीस मिनिटं आईशी आणि रांगेत, आणि पंचवीस मिनिटं बंद दाराबाहेर.

ती पंचवीस मिनिटं नवऱ्याच्या मनाला लागून राहिली होती. त्या शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर तो म्हणाला, आपल्याकडे डीव्हीडी आहे की, बरोब्बर दहा-चारला लावू, झालं. पावणेदहाला त्याने माळ्यावरून खोकं काढलं, डबी सापडली, आत तबकडी भलत्याच सिनेमाची. खरी तबकडी दुसऱ्या डबीत निघाली. जुना लॅपटॉप चालू केला तर तो आधी अपडेट करतो म्हणाला. मी ओट्यावरच्या घड्याळाकडे बघत होते, हा टक्क्यांकडे. शेवटी मनोऱ्यावर वीज कोसळली तेव्हा इथे दहा वाजून सात झाले होते आणि सांगलीत तीन सदतीस.